कॉन्सिल्याकडे पाणी साचलंय

रोमन अवशेषांच्या तिकीटखिडकीशेजारच्या फळ्यावर दोन्ना कॉन्सिल्याने छत्रीचं टोक टेकवलं आणि एकेका ओळीवरून ते खाली ओढत आणलं.

"हे बंद. हे बंद. हे दुपारनंतर. हे दुरुस्तीसाठी बंद. मग उघडं काय ठेवलंय यांनी, संडास?"

"मम्मा, हळू बोल," इमा म्हणाली. मागे रांग खोळंबली होती. महिन्याचा पहिला रविवार, आत जायला पैसे नाहीत, त्यामुळे अर्धं नेपल्स इथे लोटलं होतं.

"हळू कशाला? मी काय चोरी केलीय? चोरी झाली ती माझ्याकडे."

खिडकीमागची मुलगी हसली. "आजी, सकाळी एवढीच घरं उघडतो आम्ही. माणसं पुरत नाहीत हो. जेवणानंतर पलीकडची उघडतो, तेव्हा अलीकडची बंद."

"आणि तो नवा भाग? फोंताना गल्लीखालचा?" इमाने विचारलं.

"तो आज बंदच आहे. आत पाणी आलंय."

इमाने आईकडे पाहिलं. घरी परत जायचं का, हे विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आई छत्री काखेत मारून फाटकातून आत निघालीसुद्धा होती.

"बंद म्हणजे बंद, असं मीही म्हटलं होतं त्यांना," कॉन्सिल्या मागे न बघता म्हणाली. "माझ्या दारात उभी राहून म्हटलं होतं. ऐकलं का कुणी?"

ऐंशी कधीच उलटलेली ही बाई जन्मापासून या अवशेषांच्या उशाला राहिली आणि आजवर एकदाही आत गेली नव्हती. तसं गावातलं कुणीच फारसं जात नाही. कपडे वाळत घालताना वरून दिसतं, शेजारणीशी भांडताना दिसतं; आणखी काय बघायचं? खाली रोमन लोकांची घरं, वर आपली घरं, मध्ये ज्वालामुखीचा डोंगर फुटला तेव्हाच्या चिखलाचा दगड झालेला उंच कडा. शाळेच्या बाई एकदा सगळ्या वर्गाला घेऊन गेल्या होत्या, पण त्या दिवशी कॉन्सिल्याला गोवर आला होता.

पुढे मात्र तिचं न जाणं शपथेचं झालं. फोंताना गल्लीतली घरं उतरवून त्यांच्याखाली खणायचं ठरलं, त्यात तिचं घर पहिल्या फेरीतच गेलं. कुणी फसवलं असं नाही. वर डोंगराच्या अंगाला फ्लॅट दिला, लिफ्ट दिली. लिफ्टमध्ये तिचा जीव गुदमरायचा. रात्री पाणी प्यायला उठली की हात दिव्यासाठी डावीकडे जायचा आणि बटण असायचं उजवीकडे. तिचा नवरा अनिएल्लो तर त्या फ्लॅटमध्ये राहिलाच नाही म्हणायचं. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा, खाली गल्ली नाही हे आठवलं की उठायचा, पुन्हा बसायचा. दुसऱ्या हिवाळ्यात गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. कॉन्सिल्या म्हणाली, हो, तेच.

"एका भोकासाठी माझं घर नेलं." हे वाक्य तेव्हापासून तिच्या तोंडी बसलं होतं. लग्नात, बाप्तिस्म्यात, न्हाव्याच्या दुकानात, कुठेही ते निघायचं, आणि गावाचं नाव बदलून जमाना झाला तरी ती गावाला जसं अजून रेझिनाच म्हणायची, तसं हेही तिचं कुणी बदलू शकलं नव्हतं.

आज ती आली होती ती नातालिनासाठी.

नातालिनाचं घर गल्लीतलं शेवटचं, कड्याच्या अगदी ओठावर उरलेलं. पूर्वी दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती. एकीने लसूण परतला की दुसरीला शिंक यायची. खणत खणत लोक तिच्या भिंतीखाली येऊन थांबले होते. आता पुन्हा माणसं आली होती, नकाशे घेऊन, अदबीने बोलणारी. जबरदस्ती नाही, म्हणाली. तुम्ही आहात तोवर कुणी हात लावणार नाही. पण आपणहून सोडायला तयार असाल तर पुढचं खणता येईल. सोमवारी येतो, तेव्हा काय ते सांगा.

काल शनिवारी दोघी नातालिनाच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या.

"त्या पोरांचं मला काही कळत नाही," नातालिना म्हणाली. "फार सुंदर आहे म्हणतात. त्यांना मडक्याचं झाकणसुद्धा सुंदर दिसतं. तू जाऊन बघ."

"मी? मेले तरी तिथे पाय ठेवणार नाही."

"माझे गुडघे चालत असते तर तुझ्या विनवण्या केल्या असत्या का? तुझ्या घराखाली काय निघालं ते बघ आणि मला सांग. खरंच काही धडाचं असेल तर मी जाते. एवढं मोठं काहीतरी बुडाखाली दाबून बसलेली थेरडी, असं माझं नाव नको व्हायला. आणि नुसते दगडधोंडे असतील, तर मी इथून निघेन ती चार माणसांच्या खांद्यावर."

"आणि माझ्या सांगण्यावर तू घर सोडणार?"

"मग कुणाच्या? रोक्को पितो हे लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या तोंडावर सांगणारी तू एकटीच होतीस."

"ऐकलंस कुठे?"

"नाही ऐकलं. पण सांगितलं होतंस ना." नातालिनाने शेंगांची सालं परातीत गोळा केली. तिचे हात थांबले. "कॉन्सी, वरती त्या फ्लॅटमध्ये सकाळी ऊन कुठून येतं गं?"

कॉन्सिल्याला एकदम आठवेना. "येतं कुठूनतरी," ती म्हणाली.

त्या रात्री तिला झोप लागली नव्हती, आणि आता ती उताराच्या लांब वाटेवरून, कठड्याला एक हात लावून, खाली चालली होती. डावीकडे खणून काढलेलं खालचं सगळं गाव उघडं पडलं होतं. वरून आयुष्यभर पाहिलेलंच, पण वरून पाहणं वेगळं. जसजशी ती उतरत गेली तसतशी घरं उंच होत गेली. छपरं होती त्यांच्या भिंती झाल्या, भिंतींना दारं आली, दारांवर माडी आली. खाली पोचल्यावर तिने मान वर केली तेव्हा तिचं स्वतःचं गाव कड्यावर कुठेतरी आभाळाजवळ होतं, वाळत घातलेल्या चादरींसकट.

"आई गं," ती पुटपुटली.

"दमलीस का?"

"गप्प बस."

जुन्या किनाऱ्यावरच्या कमानींपाशी तिने क्रूस केला. समुद्र आता तिथून लांब गेलाय. डोंगर फुटला त्या रात्री होड्या येतील म्हणून माणसं या कमानींत जाऊन बसली होती आणि तशीच राहिली, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. कॉन्सिल्यालाही ठाऊक होतं, पण ती हाडं इतकी लहान असतील असं तिला वाटलं नव्हतं. एका बाईने मुलाला कुशीत घेतलं होतं ते अजून तसंच. कॉन्सिल्याने पदर आवरावा तशी अंगावरची शाल गच्च ओढून घेतली आणि इमाच्या दंडाला धरून पुढे गेली.

मग सुरू झाली बंद दारांची वरात. पहिल्या रस्त्याला जाळी. दुसऱ्या घराला साखळी. तिसऱ्या घरात दुरुस्तीची परांची आणि तिच्यावर "आत येऊ नये". माणसांचा लोंढा जिथे उघडं दिसेल तिथे घुसत होता, आणि जिथे बंद आहे तिथे जाळीला नाक लावून उभा राहत होता. कॉन्सिल्याही दोन-तीन ठिकाणी नाक लावून आली. एका कोपऱ्यावर दुकान उघडं होतं. दगडी ओटा, ओट्यात मानेपर्यंत पुरलेले रांजण.

"इथे काय ठेवायचे?" तिने विचारलं.

"डाळी, दारू. गरम जेवणही असेल. लोक उभ्या उभ्या खात असणार."

"आणि उधारी मागत असणार." कॉन्सिल्याने रांजणाच्या काठावर तळहात ठेवला. काठ झिजून गुळगुळीत झाला होता. कुणाच्या तरी हातानेच झिजला असणार तो, ढवळून ढवळून. तिने हात जरा वेळ तिथेच राहू दिला.

बायकांचं स्नानगृह उघडं होतं. आत सारवल्यासारखा मऊ अंधार, वर एक झरोका, भिंतीला बाक आणि बाकावर ओळीने कोनाडे. कपडे ठेवायला, इमाने सांगितलं. कॉन्सिल्या बाकावर टेकली. तिला वाटलं, या कोनाड्यांपाशी काय काय बोलणं झालं असेल. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कुठे जातो. एकमेकींच्या ओटीपोटाकडे बघून किती महिने झाले याचा हिशेब. गल्लीतल्या नळावर होतं तेच सगळं. इथे अशा बायका राहत होत्या हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे आपले राजे, देव आणि खांब यांच्याबद्दल बोलायचे.

"मम्मा, रडतेस?"

"कुबट वास आहे. डोळे चुरचुरतात."

पण एवढं खरं, की फाटकातून आत आल्यापासून तिने एकदाही भोकाचं नाव काढलं नव्हतं. इमाच्या ते लक्षात आलं होतं. बोलून दाखवण्याइतकी ती खुळी नव्हती.

नव्या भागाकडे जाणारी वाट वायव्येच्या टोकाला, भुयारासारख्या बोळातून होती. बोळाच्या तोंडाशी साखळी, साखळीला पाटी, आणि साखळीपलीकडे खुर्चीवर एक पहारेकरी. चाळिशीचा, पोट सुटलेला, छातीवर वायरलेस लटकवलेला.

"बंद आहे, सिन्योरा."

"ते वाचता येतं मला. उघड."

"आत पाणी आहे. फळ्या ओल्या आहेत. तुम्ही पडलात तर माझी नोकरी जाईल."

"मी पडले तर तुझी नोकरी, आणि नाही गेले तर माझ्या मैत्रिणीचं घर. बोल."

इमा मध्ये पडणार, तेवढ्यात त्याच्या छातीवरचा वायरलेस खरखरला. "आल्फोन्सो, ए आल्फोन्सो! कॉन्सिल्याकडचा पंप बंद पडला का रे? नातालिनाच्या बाजूने अजून झिरपतंय म्हणे."

"चालू आहे, चालू आहे," तो म्हणाला. "कॉन्सिल्याकडे घोट्याएवढं साचलंय. उतरेल दुपारपर्यंत."

कॉन्सिल्याने छत्री जमिनीवर टेकली.

"कुणाकडे?"

"अहो, ते आमचं आपलं असंच." तो ओशाळून हसला. "मोठ्या लोकांचे आकडे असतात. अकरा ब, बारा क. आमच्या नाही ते डोक्यात राहत. वर ज्याचं घर होतं त्याचं नाव आम्ही खालच्याला देतो. न्हाव्याकडे, लंगड्या शिंप्याकडे, कॉन्सिल्याकडे. बाहेरगावचे पहारेकरी आहेत ना, तेही तसंच म्हणतात. कोण कॉन्सिल्या, त्यांना काय माहीत!"

"तू कुणाचा रे?"

"मी? मासेवाल्या जेन्नारिनोचा धाकटा."

"ज्याने ईस्टरला शिळे मासे माझ्या गळ्यात मारले तो जेन्नारिनो?"

आल्फोन्सो खुर्चीवरून उठला. त्याने आधी त्या छत्रीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "मावशी?" तो म्हणाला. "दोन्ना कॉन्सिल्या? अहो, मी तुमच्या जिन्यात खेळायचो! तुम्ही मला झाडूने मारलं होतंत."

"कमीच मारलं असणार."

"पण मग तुम्ही... म्हणजे हे तुमचंच..." त्याने बोट मागच्या बोळाकडे केलं.

"रोज म्हणता असं? कॉन्सिल्याकडे?"

"थंडीत तर दिवसातून दहा वेळा. पाणी तुमच्याकडेच जास्त येतं."

कॉन्सिल्याने डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला. इतकी वर्षं ती धरून चालली होती की घराबरोबर आपलं नावही कुणीतरी ट्रकमध्ये भरून नेलं. ते इथेच होतं, या पोराच्या छातीवर खरखरत होतं. तिला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की रागच आला. "मग उघड की," ती ओरडली. "मला माझ्याच घरी जायला परवानगी लागणार का?"

आल्फोन्सोने मागे-पुढे पाहिलं आणि साखळी काढली. "फळीवरून खाली उतरायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. आणि कुणी विचारलं तर मी तुम्हाला पाहिलेलं नाही."

बोळ संपला आणि ते कड्याच्या पायथ्याशी उघड्यावर आले. पंप धडधडत होता. समोर कडा सरळ वर गेला होता, काळपट, ओला, जागोजागी पाझरणारा, आणि त्याच्या माथ्यावर, अगदी काठाशी, एक बाल्कनी होती. हिरव्या झडपांची. झडपांवर नातालिनाचा निळा एप्रन वाळत होता. तिथून रागूचा वास खाली उतरत होता. रविवारचा रागू, मांसाचा टोमॅटोतला रस्सा, पहाटेपासून मंद आचेवर ठेवलेला.

"माझं घर कुठे होतं?" कॉन्सिल्याने विचारलं, पण उत्तराची वाट न बघता तिने स्वतःच छत्री उचलली. नातालिनाच्या बाल्कनीवरून टोक डावीकडे सरकवत सरकवत आणलं आणि मोकळ्या हवेत थांबवलं. "तिथे. ते माझं स्वयंपाकघर. ती झोपायची खोली. इमा, तू तिथे जन्मलीस."

इमाने वर पाहिलं. तिथे आभाळ होतं आणि त्यातून दोन कबुतरं चालली होती.

"आणि ही तुमच्याखालची खोली," आल्फोन्सो हळूच म्हणाला.

कॉन्सिल्याने मान खाली आणली. पाण्यात पाय बुडवून एक भिंत उभी होती. आधी तिला फक्त लाल रंग दिसला. असा लाल की पिकलेल्या टोमॅटोच्या पोटातलाही फिका वाटावा. मग त्या लालातून एक पाऊल पुढे आलं. बाईचं पाऊल, चपलेतलं, टाच उचललेली. पावलावर पिवळं वस्त्र, चालण्याच्या ओघात पिंढरीला चिकटलेलं. वस्त्राला वाऱ्याची एक लहर. आणि वरती हात. कोपरापासून पुढे आलेला, भरलेला हात, मनगटाशी बारीक साखळी, बोटांवर तोललेलं तबक आणि तबकात अंजिरं. एक अंजीर फुटलेलं, त्यातला गर दिसत होता. अंगठ्याच्या नखावर पांढरा एवढासा ठिपका होता, उजेडाचा. ज्याने कुणी काढला त्याने तो शेवटी, कुंचल्याचं टोक नुसतं टेकवून काढला असणार.

ती बाई कुणाला तरी वाढायला निघाली होती. झपाझप, जेवणारे खोळंबलेत म्हणून.

कॉन्सिल्याच्या हातातली छत्री फळीवर पडली. उचलायला कुणीच वाकलं नाही.

"हे... हे इथेच होतं?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी वर मासे तळत होते तेव्हा?"

"तेव्हाही. तुमच्या आजीच्या आजीच्या वेळीही."

"असाच रंग?"

"नाही मावशी. एरवी फिकट दिसतो, धूळ बसल्यासारखा. भिंत भिजली की उजळते. म्हणजे ज्या दिवशी बंद असतं त्याच दिवशी खरी दिसते. आम्हालाच काय ती दिसते."

कॉन्सिल्या बघत राहिली. पंपाचा आवाज तिला ऐकू येईनासा झाला. त्या गल्लीत ती पोर म्हणून धावली, नवरी म्हणून आली, चार बाळंतपणं केली, सासू पुरली, आणि इतकी वर्षं ही पायाखाली अंजिरं घेऊन निघालेली होती. एका भोकासाठी नव्हे. कशासाठी तरी होतं. कुणीतरी आपल्याला एवढं सांगावं म्हणून ती घर गेल्यापासून झुरली होती, आणि आता सांगणारं समोर उभं होतं. तिने फळीवर एक पाऊल पुढे टाकलं. इमाने मागून कमरेत हात घातला.

"हिचं तोंड कुठंय?" कॉन्सिल्याने विचारलं.

भिंत तिथे संपत नव्हती. हाताच्या वर दंड होता, दंडावर खांद्याची सुरुवात, कानाशी रुळणारी केसांची एक बट; आणि तिथून पुढे कडा. बाई अर्धी या खोलीत होती आणि अर्धी त्या दगड झालेल्या चिखलात शिरली होती.

आल्फोन्सोने हनुवटीने वर दाखवलं, हिरव्या झडपांकडे. "तोंड नातालिना मावशीकडे आहे. ती कुणाकडे चाललीय, तेही तिकडेच."

तेवढ्यात वरची झडप धाडकन उघडली.

"कॉन्सीऽऽऽ! ए कॉन्सी! तूच ना ती? पोचलीस का?"

आवाज कड्यावरून आपटत खाली आला. पलीकडच्या रस्त्यावरचे पर्यटकसुद्धा वर बघायला लागले. नातालिना बाल्कनीतून अर्धी बाहेर वाकली होती, हातात लाकडी डाव.

"पोचले!" कॉन्सिल्याने तोंडाशी हात धरला.

"मग? काय आहे?"

कॉन्सिल्याने वर पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. अंजिराकडे, त्या नखाकडे. तिने ओठ आवळले. इमाला कमरेपाशी तिचा श्वास वर गेलेला कळला आणि खाली आलेला कळला नाही.

"अगं, बोल की! बहिरी झालीस का? काय आहे तिथे?"

"काही नाही!" कॉन्सिल्या ओरडली.

"काय?"

"काही नाहीऽऽ! दगडधोंडे! दगडधोंडे आणि पाणी! माझे बूट गेले फुकट!"

"नुसते दगड?"

"नुसते!"

"एवढ्यासाठी तुझं घर नेलं?"

"एवढ्यासाठी!"

नातालिनाने डाव उगारून अशा काही शिव्या हासडल्या की आल्फोन्सोने आजूबाजूला कुणी लहान मूल नाही ना ते पाहिलं. मग तिचा आवाज जरा खाली आला. "मग उद्या त्यांना काय सांगू?"

"सांग, गुडघे दुखतात! जिना उतरवत नाही म्हणावं!"

"खरंच सांगू?"

"आता मी पेपरात छापून देऊ का? नाही म्हणून सांग!"

बाल्कनीत नातालिनाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. रडत होती की हसत होती, ते एवढ्या खालून कळत नव्हतं. मग ती एकदम सरळ झाली. "बरं, वर ये लवकर! इमालाही आण! रागू तयार आहे, मी शेवया टाकते!" झडप लागली. निळा एप्रन तेवढा हलत राहिला.

इमा आईकडे बघत होती. आल्फोन्सो स्वतःच्या बुटांकडे.

"काय बघतेस?" कॉन्सिल्या म्हणाली.

"काही नाही, मम्मा."

"मग छत्री दे." तिने छत्री घेतली, टेकवली, आणि तिच्यावर भार देऊन उभी राहिली. तिचे गाल ओले झाले होते आणि ते तिने पुसले नाहीत. "पाणी कधी आटेल म्हणालास?"

"दुपारपर्यंत. मंगळवारपासून सकाळी उघडतो हा भाग. पण तेव्हा रंग असा नसेल हं."

"नसू दे."

ती फळीच्या अगदी कडेला गेली. आल्फोन्सो काही बोलायच्या आत तिने कंबर वाकवली, मान तिरकी केली, आणि जिथे ती केसांची बट चिखलात शिरत होती त्या फटीत डोळा घालून पलीकडे बघायला लागली. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली.

"नाही दिसत, मावशी," आल्फोन्सो म्हणाला. "मी रोज बघतो."